पद्माक्कांचं तिसरं उत्तर

सुरुवातीलाच सांगून टाकतो. नाहीतर मी पद्माक्कांच्या गमती सांगत बसेन, तुम्ही हसाल, आणि मूळ गोष्ट पुन्हा राहून जाईल. काही वर्षं ती तशीच राहून गेली आहे.

ज्या एका ओळीमुळे पद्माक्कांना कंपनी सोडावी लागली, ती ओळ त्यांची नव्हती. ती मी बदलली होती. त्यांच्या खुर्चीत बसून, त्यांच्या कॉम्प्युटरवर, त्यांच्या सहीने. आणि नंतर सगळ्यांसमोर मला विचारलं, तेव्हा मी खरं बोललो नाही.

आता पद्माक्का.

इलेक्ट्रॉनिक सिटीत आमची कंपनी. तपासणीचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड यांच्यावर डॉक्टरांची डिजिटल सही घालायची, आणि पुढे कुणीही ती फाइल उघडली की सही खरी आहे का, मधे कुणी फाइलमध्ये हात घातला आहे का, ते पडताळून द्यायचं, असं आमचं सॉफ्टवेअर. पडताळणीचं अवघड गणित एका तयार लायब्ररीत, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या प्रोग्राममध्ये, असतं. आम्ही फक्त तिला प्रश्न विचारायचा आणि तिचं उत्तर पडद्यावर दाखवायचं. सही खरी तर हिरवी खूण, खोटी तर लाल. ऐकायला इतकं सोपं. पण ‘सही जुळत नाही’ अशी तक्रार आली की चांगले चांगले लोक डोकं धरून बसत, कारण ती का जुळत नाही हे लायब्ररी कधी धडपणे सांगत नाही. असल्या सगळ्या तक्रारी पद्माक्कांकडे जात.

मी पुण्याहून मुलाखतीला आलो तेव्हा समोर तिघे बसले होते. दोघांनी मला घाम फोडला. तिसऱ्या बाई खिडकीपाशी येरझाऱ्या घालत होत्या. उंच, किडकिडीत, सुती साडी, पायांत चपला नाहीत. त्या टेबलाखाली काढून ठेवलेल्या. गळ्यात काळा गोफ आणि त्यात घराची किल्ली आणि पेनड्राइव्हसारखं काहीतरी. मला वाटलं या चुकून खोलीत आल्या असाव्यात. शेवटी त्या थांबल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, “खाली रिसेप्शनवरचं घड्याळ बरोबर चालतं का?”

मी म्हणालो, “बघितलं नाही, मॅडम.”

“बस,” त्या दुसऱ्या दोघांना म्हणाल्या. “घ्या याला.”

त्यांची ती परीक्षा मला नंतर कळली. बहुतेक जण ‘हो’ म्हणत, काही हुशार ‘नाही’ म्हणत. न बघितलेल्या घड्याळाबद्दल लोक इतक्या आत्मविश्वासाने कसे बोलू शकतात, याचं त्यांना कायम नवल वाटे.

माझं आडनाव ऐकून त्या मराठीत शिरल्या आणि मी चकित झालो. तसली मराठी मी त्याआधी कधी ऐकलेली नव्हती. मधेच आजीच्या तोंडचे शब्द, मधेच कन्नड. “ये अप्पा, स्वल्प बस. जेवण झालं की नाही? हौदा, खरंच? मग कॉफी तरी घे.” त्या कुणालाही, अगदी संचालकांनाही, लाडात ‘अप्पा’ म्हणत. मी पुणेरी फुशारकीने एकदा विचारलं, “अक्का, ही कुठली मराठी?”

“आमची. आमचे लोक घोड्यावरून आले इथं, तू स्लीपर बसने आलास. तुझी मराठी निम्मी इंग्रजीत, आमची निम्मी कन्नडात. खरी कुठली ते कोण पडताळणार, सांग!”

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

त्या विचार करू लागल्या की बसत नसत. आमच्या मजल्यावर एक लांब बोळ होता. तक्रार वाचून झाली की चपला टेबलाखाली ढकलायच्या आणि अनवाणी त्या बोळातून फिरायचं, हाताने साडीचा पदर पिळत. समोरून येणारा बाजूला व्हायचा. त्यांना ‘काय झालं अक्का?’ असं विचारायची सोय नव्हती, कारण मग त्या तुम्हालाही बरोबर चालायला लावत. मी त्यांच्याबरोबर पुष्कळ चाललो आहे. जे काही शिकलो ते चालत शिकलो.

“दोघं भांडतात तेव्हा आधी काय बघायचं?” त्या विचारत.

“चूक कुणाची ते.”

“छे! दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत का ते बघायचं. सही केली ती फाइल आणि तपासतोय ती फाइल एकच आहे का? मधे एखादी मोकळी ओळ वाढली तरी सही मोडते. एवढं बघ. निम्मी भांडणं तिथंच मिटतात.”

यात काही तत्त्वज्ञान आहे असं त्यांना वाटत नसे. त्या फाइलींबद्दलच बोलत होत्या. पण एसीवरून आमच्या दोन सहकाऱ्यांची जुंपली, एकाला गार होतंय, दुसऱ्याला उकडतंय, तेव्हा अक्का मधे जाऊन शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही दोघं एकाच खुर्चीबद्दल बोलताय का?” आणि दोघांच्या खुर्च्या बदलून टाकल्या. भांडण संपलं. त्या परत बोळात.

जयनगरच्या एका डॉक्टरांची गोष्ट आमच्याकडे नव्या माणसाला हटकून सांगितली जाई. त्यांचा प्रत्येक रिपोर्ट लाल दिसायचा. दुसऱ्या कुणाचाच नाही, फक्त यांचाच. आमच्या लोकांनी लायब्ररी बदलून पाहिली, डॉक्टरांचं टोकन बदललं. टोकन म्हणजे ते पेनड्राइव्हसारखं दिसणारं यंत्र. माणसाची गुप्त किल्ली त्यात असते आणि पिन घातल्याशिवाय ते सही करत नाही. काही उपयोग झाला नाही. डॉक्टर फोनवर ओरडायला लागले तेव्हा अक्का मला घेऊन त्यांच्या दवाखान्यात गेल्या आणि नुसत्या त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, पिन घालून सही केली, मग पुन्हा एकदा नजर टाकली, पेशंटच्या नावातलं एक अक्षर चुकलेलं दिसलं, ते त्यांनी मोठ्या टापटिपीने दुरुस्त केलं आणि फाइल पाठवून दिली.

“हे सगळ्या रिपोर्टांना करता?” अक्कांनी विचारलं.

“अर्थात! आमची टायपिस्ट काय टाइप करते ते बघितलंत का? एक तरी चूक निघतेच.”

“म्हणून सही मोडते, डॉक्टर.”

“पण सही करणारा मीच, दुरुस्त करणारा मीच. मग खोटी कशी?”

अक्का म्हणाल्या, “पोट शिवल्यावर आत कात्री राहिलीय असं लक्षात आलं, तर तुम्ही काय करता?”

“पुन्हा उघडतो!”

“आणि मग पुन्हा टाके घालता, की तसंच घरी पाठवता?”

डॉक्टर आधी लाल झाले, मग इतके हसले की बाहेर बसलेले पेशंट डोकावून बघू लागले. परत येताना बसमध्ये अक्का मात्र अस्वस्थच. “इतके दिवस लायब्ररी ‘नाही, नाही’ म्हणत होती, आणि आपण सगळे तिलाच दुरुस्त करत बसलो,” त्या म्हणत राहिल्या. “नाही म्हणणाऱ्यालाच आपण बिघडलेला समजतो रे.”

त्यांना सगळ्यात प्रिय होतं ते लायब्ररीचं तिसरं उत्तर. ‘ही सही खरी का?’ असं विचारलं की लायब्ररी आकड्यात उत्तर देते. एक म्हणजे खरी. शून्य म्हणजे खोटी. आणि उणे एक म्हणजे ‘मला तपासताच आलं नाही’: किल्ली मिळाली नाही, फाइल अर्धवट आहे, किंवा सहीची पद्धतच माझ्या ओळखीची नाही. घाईत कोड लिहिणारा पहिल्या दोन उत्तरांची सोय करतो आणि तिसरं विसरतो. अक्का विसरू देत नसत. आमच्या कोडमधली ती ओळ त्यांनी स्वतः लिहिलेली होती: उत्तर बरोब्बर एक आलं तरच हिरवी खूण. बाकी काहीही आलं तरी नाही.

जगण्यातही त्यांची तीनच उत्तरं. होय. नाही. तपासलं नाही. ‘अक्का, बस गेली का?’ तपासलं नाही. ‘अक्का, तो नवा मॅनेजर चांगला आहे का?’ तपासलं नाही. कुणाला त्याचा राग यायचा, मला गंमत वाटायची.

बनशंकरीच्या त्यांच्या घरी मी गेलो तेव्हा कळलं की याचा सगळ्यात जास्त त्रास त्यांच्या आईला झालेला होता. आई म्हणजे पिकल्या पानासारख्या बाई, पण जीभ तरतरीत. घरात या दोघीच. मला कॉफीचा पेला देत आई म्हणाल्या, “हिला मुलगा बघायला आला होता. चांगला बँकेतला. तो गेल्यावर विचारलं, आवडला का गं? तर म्हणते, अजून तपासलं नाही! तो बिचारा तपासून घ्यायला थांबतो होय?”

“अम्मा, पुरे,” अक्का म्हणाल्या.

“आता बघ, मंगळसूत्राच्या जागी काय बांधून घेतलंय गळ्यात.” आईंनी त्या टोकनकडे बोट दाखवलं. “आंघोळीला जातानासुद्धा काढत नाही.”

“काढते. खोटं सांगू नको.”

थोड्या वेळाने आईंनी विचारलं, “मागचं दार लावलं का?” अक्का उठल्या, जाऊन बघून आल्या, म्हणाल्या, “लावलंय.” जरा वेळाने पुन्हा तोच प्रश्न. अक्का पुन्हा उठल्या. मी असताना हे कितीतरी वेळा झालं. मी म्हणालो, “अक्का, आत्ताच तर बघितलंत. बसल्या जागी हो म्हणा की.”

“ती आत्ताचं विचारतेय, अप्पा. मी मघाचं उत्तर कसं देऊ?”

अशा माणसाला मी फसवलं.

व्हाइटफील्डचं एक मोठं हॉस्पिटल आमच्याकडे नव्यानं आलं होतं. सोमवारी त्यांच्याकडे सगळं सुरू व्हायचं होतं आणि आदल्या शुक्रवारी त्यांचे काही रिपोर्ट लाल दिसू लागले. त्या कामाचा प्रमुख मी. संचालक सुब्बय्या दर थोड्या वेळाने येऊन विचारत होते, ‘झालं का?’ अक्का सकाळचं काम हातावेगळं करून बोळात फिरत होत्या. जेवणाच्या सुमारास त्या माझ्यापाशी आल्या. “शून्य येत नाहीये. उणे एक येतंय. त्यांच्या काही डॉक्टरांची सही नव्या पद्धतीची आहे आणि आपली लायब्ररी जुनी, तिला ती पद्धतच कळत नाही, असं मला वाटतंय. वाटतंय हं. अजून तपासलं नाही.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. शेजारीण होती. आई मागच्या दाराशी पडल्या होत्या. दार लावलंय का ते बघायला स्वतःच उठल्या होत्या.

अक्कांनी पर्स उचलली, चार पावलं गेल्या, परत आल्या आणि गळ्यातल्या गोफातून टोकन काढून माझ्यापुढे ठेवलं. आमच्याकडे कोडमधला प्रत्येक बदल करणाऱ्याने आपल्या टोकनने सही करूनच जमा करायचा, म्हणजे कुणी काय केलं ते कधीही नाकारता येऊ नये, असा नियम होता. तो नियम अक्कांनीच आणलेला. टोकन दुसऱ्याला देणं म्हणजे त्यांच्या लेखी पाप.

“सकाळचं माझं काम झालंय, फक्त सही व्हायची आहे. तेवढी कर. नवीन काही घालू नको.” त्यांनी मला पिन सांगितला. खालच्या आवाजात, जणू स्वतःलाच ऐकू जाऊ नये. “बाकी मी आल्यावर बघू.” आणि त्या गेल्या. चपला टेबलाखालीच राहिल्या. मी त्या घेऊन लिफ्टपर्यंत धावलो, पण दार बंद झालं होतं.

चपला हातात घेऊन मी परत आलो तर सुब्बय्या उभे. “सोमवारपर्यंत होणार आहे की मी त्यांना नाही म्हणून कळवू?”

मी म्हणालो, “होईल.”

ते मी तपासलेलं नव्हतं.

मग मी अक्कांच्या खुर्चीत बसलो आणि ती ओळ उघडली. ‘उत्तर एक असेल तरच हिरवी खूण’ याऐवजी मी लिहिलं, ‘उत्तर शून्य नसेल तर हिरवी खूण’. बदल एवढासाच. उणे एक म्हणजे शून्य नव्हे. झालं. सगळे रिपोर्ट हिरवे. मला आठवतं, मी स्वतःला सांगितलं की अक्का आल्या की पूर्ववत करू, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, हॉस्पिटलच्याच सह्या आहेत, खोट्या कशाला असतील. मग मी पिन घातला. टोकनवरचा छोटा दिवा लुकलुकला. त्यांच्या सकाळच्या कामाबरोबर माझी ओळही त्यांच्या सहीने जमा झाली.

आईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन, फिजिओथेरपी. अक्का परतल्या त्या निम्म्या होऊन. मी टोकन परत दिलं. चपलाही दिल्या.

“व्हाइटफील्डचं काय झालं?”

“चालू झालं, अक्का. त्यांच्याच बाजूला गडबड होती. त्यांनी केलं दुरुस्त.”

“काय गडबड होती?”

“सर्टिफिकेट जुनी होती म्हणे.”

एरवी त्या उठून बघायला गेल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी डोळे चोळले आणि म्हणाल्या, “सरी.” म्हणजे, ठीक आहे. मी त्यांना ओळखत होतो तेवढ्या काळात न तपासता त्यांनी ‘सरी’ म्हटलेली ही एकच वेळ. ती माझ्या वाट्याला आली.

ती ओळ मी का पूर्ववत केली नाही? रोज ठरवत होतो. पण ती बदलायची तर आता माझ्या सहीने बदलावी लागणार, आणि मग कुणीतरी विचारणार, का बदललीस. जितके दिवस गेले तितकं ते अवघड होत गेलं. मग मी ती फाइल उघडायचंच सोडून दिलं.

पुढे आमच्याकडे बाहेरून तपासनीस आले. त्यांनी एका रिपोर्टमधला रक्तातल्या साखरेचा आकडा मुद्दाम बदलला, त्याची सहीही लायब्ररीला वाचता येणार नाही अशी बिघडवली, आणि आमच्या सॉफ्टवेअरला दिला. हिरवी खूण आली. त्यामुळे आधी कुठल्या रुग्णाचं नुकसान झालं का? आम्ही शोधलं, सापडलं नाही. ‘झालं नाही’ असं म्हणायचं धाडस मात्र माझ्याच्यानं होत नाही.

ओळ कुणाची ते शोधायला वेळ लागला नाही. सही पडताळली. उत्तर एक. पद्मा राव.

सुब्बय्यांच्या खोलीत आम्ही तिघेच होतो. ऑफिसात अक्का चपला घालून बसलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

“ही सही तुमची?”

“होय.”

“ही ओळ तुम्ही बदललीत?”

“नाही. त्या दिवशी मी टोकन आणि पिन यांच्याकडे देऊन गेले होते. ते मी करायला नको होतं. ती चूक माझी.”

“म्हणजे यांनी बदलली?”

मी अक्कांकडे बघू शकलो नाही. टेबलाच्या काचेत त्यांचा गोफ दिसत होता, आणि त्याला लटकलेली घराची किल्ली. टोकन काढून घेतलेलं होतं. त्यांना माहीत होतं. दुसरं कुणी असूच शकत नव्हतं. त्यांनी फक्त ‘हो’ म्हणायचं बाकी होतं.

“ते मी बघितलेलं नाही,” अक्का म्हणाल्या.

सुब्बय्या माझ्याकडे वळले. “तू बदललीस?”

मला मुलगी शाळेत, फ्लॅटचे हप्ते, नुकतंच मिळालेलं मोठं पद, हे सगळं एकदम दिसलं असं सांगितलं तर तेही खोटंच होईल. मला काहीच दिसलं नाही. मी फक्त घाबरलो. आणि घाबरलेल्या माणसाने जे जवळ सापडेल ते उचलावं तसं मी त्यांचंच तिसरं उत्तर उचललं.

“आठवत नाही, सर.”

ज्या उत्तरासाठी त्यांनी मला नोकरीवर घेतलं होतं, त्याच उत्तराआड मी लपलो.

अक्का सुब्बय्यांना म्हणाल्या, “‘आठवत नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. एवढं लिहून घे, अप्पा.”

सुब्बय्यांनी लिहून घेतलं नाही. सही अक्कांची, टोकन दुसऱ्याला दिल्याचं त्यांनी स्वतःच कबूल केलेलं. सुब्बय्यांच्या दृष्टीने प्रकरण मिटलं. ओळ कुणाची हे तपासता आलं नाही, म्हणून ती अक्कांची धरली. मी कोडमध्ये जे केलं होतं तेच त्या खोलीत झालं, आणि ते कळणारा तिथे मी एकटा नव्हतो.

काढून टाकायच्या आधी अक्कांनी स्वतःच राजीनामा दिला. जाताना टेबल आवरलं, सगळ्यांना केळ्याचे चिप्स वाटले. माझ्यापाशी आल्या, पाकीट पुढे केलं. मी एक घेतला.

त्यानंतर त्या कुठे नोकरीला लागल्या नाहीत. सह्यांच्या क्षेत्रात ‘तिची सही होती’ ही बातमी त्यांच्या आधी पोचायची. त्या लायब्ररीचा इंटरनेटवर एक मंच आहे. जगभरचे लोक तिथे अडचणी विचारतात. कुणीतरी तिथे टोपणनावाने उत्तरं द्यायला लागलं होतं. पहिलं वाक्य ठरलेलं: ‘नेमकं काय उत्तर आलं ते आधी सांगा.’ अक्कांना ओळखायला मला दुसरं काही लागलं नाही. मी ती उत्तरं रोज वाचत होतो, कॅबमध्ये, जेवताना, बायको काहीतरी सांगत असताना. कधी त्यांना काही लिहायला घेत होतो, कधी पुसत होतो. बनशंकरीवरून जायची वेळ आली की लांबचा रस्ता धरत होतो.

अलीकडे आमच्याकडे नव्यानं रुजू झालेल्यांसमोर मी पडताळणीवर बोललो. एक, शून्य, उणे एक. सगळं समजावून सांगितलं. अक्कांचीच वाक्यं वापरली, त्यांचं नाव न घेता. शेवटी एका मुलीने विचारलं, “सर, तिसरं उत्तर विसरल्यामुळे खरंच कधी कुणाचं काही बिघडलंय का?”

आणि माझ्या तोंडून निघालं, “आठवत नाही.”

मुलं टाळ्या वाजवून उठली. मी तिथेच माइक धरून उभा राहिलो. सुब्बय्या आता कंपनीत नाहीत. मी त्याच दुपारी त्यांच्या जागी आलेल्या बाईंना सगळं लिहून दिलं. चौकशी चालू आहे. माझं काय व्हायचं ते होईल. पण ती चिठ्ठी कंपनीसाठी होती. रात्रभर कूस बदलून मी सकाळी बनशंकरीला गेलो.

पद्माक्का ओट्यावर बसल्या होत्या, पुढ्यात सोललेल्या अवरेकाळूंचा, म्हणजे पावट्यांचा, ढीग. पाण्यात भिजवलेला एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा, साल एकीकडे, आतला पिवळा गर दुसरीकडे. केस पांढरे झाले होते. गळ्यात गोफ होता, त्यात फक्त किल्ली. पाय तसेच अनवाणी, आणि बसल्या जागी हलणारे. आत आईंचा पलंग रिकामा दिसत होता. भिंतीवर त्यांचा फोटो.

त्यांनी मला बघितलं. “ये. जेवण झालं?”

“नाही.”

“बस मग. हात धू आणि दाबायला लाग, सुम्मने, नुसता बसू नको.”

मी बसलो. माझ्या चिमटीतून दाणे निसटून अंगणात उडत होते. त्या मागच्या दाराकडे बघत उठल्या, आत गेल्या, येऊन पुन्हा बसल्या. विचारणारं कुणी उरलं नव्हतं तरी.

“अक्का,” मी म्हणालो, “झालं त्याबद्दल मला माफ करा.”

“काय झालं?”

“ते… तेव्हाचं सगळं.”

दाबलेला दाणा त्यांनी भांड्यात टाकला. “उणे एक,” त्या म्हणाल्या. “काय तपासायचं तेच दिलं नाहीस, तर मी तपासू काय? कशाखाली सही करतोयस ते आधी मोठ्यानं वाच, अप्पा.”

त्यांचे हात थांबले होते. पायही थांबला होता. इतक्या स्थिर पद्माक्का मी कधीच पाहिल्या नव्हत्या.

मी म्हणालो, “ती ओळ मी बदलली. तुम्ही ‘नवीन काही घालू नको’ म्हणाला होतात, तरी बदलली. तुमच्या टोकनने, तुमचा पिन घालून सही केली. व्हाइटफील्डने दुरुस्त केलं हे मी तुम्हाला खोटं सांगितलं. सुब्बय्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही मला वाचवलं नाही आणि अडकवलंही नाही, जेवढं पाहिलं तेवढंच बोललात. मी ‘आठवत नाही’ म्हणालो. मला आठवत होतं, अक्का. तेव्हाही लख्ख आठवत होतं. माझं चुकलं. मला माफ करा.”